लाखाला एक कमी

मी रुक्मिणीला शिव्या दिल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीच्या भर बाजारात, दिवसाढवळ्या, चार माणसं ऐकतील अशा दिल्या. ज्यांना देवाच्या गोष्टी हात जोडूनच ऐकायच्या असतात, त्यांनी हे पुढे वाचलं नाही तरी माझी काही तक्रार नाही. मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि माझा नातजावई लिहून घेतो. तो पुण्याला शिकून आलेला, माझ्या 'मले'चं 'मला' करतो आणि शिव्या लिहू की गाळू म्हणून विचारतो. मी त्याला म्हटलं, दिल्या एवढंच लिही, कोणत्या ते तिला माहीत आहे.

आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं. ते साल कापसाचं होतं. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांच्या कुठल्यातरी मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना अचानक सोन्याचा भाव आला होता. जिथे ज्वारी उभी असायची तिथेही लोकांनी कापूस पेरला. माझे मालक दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत गेले होते आणि घर माझ्या दिराच्या हातात होतं. दीर वाईट माणूस नव्हता, पण त्या वर्षी त्याला कापसापलीकडे काही दिसत नव्हतं. अकोटच्या एका दलालाने माझ्या काशीला मागणी घातली. दलाल पन्नाशीचा, दोन बायका वारलेल्या. काशी बारा वर्षांची. दिराने होकार दिला, कारण दलाल सोयरा झाला की बाजारात आमच्या गाड्या वजनकाट्याला आधी लागणार होत्या. मी नाही म्हटलं. मग मोठ्याने नाही म्हटलं. घरात विधवेचं नाही म्हणजे अंगणातल्या कोंबडीचं ओरडणं, त्याकडे कोणी मान वळवून बघत नाही.

तेव्हा मला माझा नवस आठवला. काशी तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या आणि ती वाचत नाही असं सगळे म्हणत होते. तिच्या उशाशी बसून मी कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला लक्षवात बोलले होते. स्वतःच्या हाताने एक लाख वाती वळायच्या, पायी न्यायच्या आणि तिच्यासमोर पेटवायच्या. पोरगी वाचली. रुक्मिणीच का, तर कौंडण्यपूर तिचं माहेर, ती आमच्या वऱ्हाडची लेक. नऊ वर्षं अंगणातल्या देवकापशीचा कापूस वेचून मी वाती वळत होते. शंभराची एक जुडी, अशा हजार जुड्या त्या दिवाळीला नुकत्याच पुऱ्या झाल्या होत्या. मी पारावर चार वडीलधाऱ्यांसमोर दिराला विचारलं, की मुलीच्या जिवाचा नवस अंगावर ठेवून तिला हळद लावणार का? तो गडबडला. नवसाला सगळेच भितात. तो म्हणाला, "नवस फिटल्याबगर पोरीले हळद लागनार नाई, हा माहा शब्द हाय. पन वैनी, पौषात जा अन् माघाच्या आंधी वापस येजो." पौषात लग्नं होत नाहीत, आणि माघातला मुहूर्त ठरलेला होता. म्हणजे मला मिळाला एक महिना. मी तेवढा घेतला. मी नवस फेडायला निघाले असं सगळ्यांना वाटलं, पण मी जाब विचारायला निघाले होते. रुक्मिणीच्या भावाने तिचं लग्न नको त्या माणसाशी ठरवलं तेव्हा ती अंबेच्या पूजेचं निमित्त करून बाहेर पडली आणि निघून गेली. मग माझ्या लेकीने कोणाच्या रथात बसायचं, एवढं मला तिला विचारायचं होतं.

निघालो आम्ही तिघं. मी, काशी आणि दिराने आमच्यावर लक्ष ठेवायला दिलेला तुकाजी. तुकाजी आमच्या घरचा म्हातारा सालदार, अर्धं आयुष्य आमच्या बैलांमागे चाललेला. त्याच्या खांद्यावर पडशी, तिच्यात एका बाजूला ज्वारीचं पीठ आणि दुसऱ्या बाजूला मीठ, मिरच्या, कांदे. काशीच्या डोक्यावर दोन गोधड्यांची वळकटी, तिच्यात भाकरीचं खापर गुंडाळलेलं. लोटा आणि विहिरीचा दोर माझ्या कमरेला. आणि वातींचं गाठोडं माझ्या पाठीवर. वजनाला फार नव्हतं, पण फुगार होतं. जुन्या धोतराच्या घडीने लेकरू बांधतात तसं ते पाठीशी बांधून मी छातीवर गाठ मारत असे. वाटेत बायका विचारायच्या, लेकरू किती महिन्यांचं? पहिले दोन दिवस मी समजावून सांगितलं. मग सहा महिन्यांचं म्हणू लागले. पोरगी का पोरगा, असंही विचारत, आणि पोरगी म्हटलं की पुढे काही विचारत नसत.

नवसाच्या ओझ्याचा एक नेम असतो, ते भुईला टेकवायचं नाही. त्यामुळे आमचा सगळा दिवस त्या गाठोड्याभोवती फिरायचा. झुंजूमुंजू व्हायला उठायचं. आधी तळपायांना एरंडेल चोळून चिंध्या बांधायच्या, कारण पौषात काळी माती वाळून ढेकळं दगडासारखी होतात आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाय मुरगळतो. मग गाठोडं पाठीवर घ्यायचं आणि गार आहे तोवर तीन कोस ओढायचे. ऊन चढलं की विहीर आणि झाड एका ठिकाणी असेल तिथे थांबायचं. आधी फांदी बघायची, गाठोडं अडकवायचं, मग पाणी. तुकाजी तीन दगड मांडायचा, काशी गोवऱ्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करायची. कापसाला ठिणगीचं भय, म्हणून चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि गाठोड्यापासून वीस पावलं लांब. मी भाकरी थापेपर्यंत काशी झाडाखाली बसून वर बघत राहायची, पहारा म्हणून. भाकरी, ठेचा, कांदा खाऊन थोडं आडवं व्हायचं आणि उन्हं कलली की पुन्हा दोन कोस. मुक्काम बहुतेक मारुतीच्या देवळात, कारण तिथे ओसरीला खुंटी असते. उंदीर कापसात घर करतात म्हणून खुंटीवरही गाठोडं आखूड बांधायचं.

आमच्याकडे अंगावरचं एक आणि बदलायचं एक, एवढीच लुगडी. दिवसाआड नदीनाल्यावर धुवायचं आणि चालता चालता वाळवायचं, एक टोक माझ्या हातात, दुसरं काशीच्या. वाऱ्याने मध्ये फुगलेलं लुगडं घेऊन आम्ही मायलेकी चालत असू आणि मागून तुकाजी ओरडायचा, "हळू चाला नं वं, मी काय बैल हाय का?" रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग कधी तुटायची नाही. धुळीने दातांत कचकच व्हायची. बाभळीच्या काट्यांना गाड्यांतला कापूस अडकून राहिलेला असायचा, कोसच्या कोस.

पिठाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. गावोगाव अंगणात कापसाचे ढीग आणि ज्वारी कुठे नाही. पाच दिवसांनी आमचं पीठ संपलं तर मागून मिळेना. दारातून लोक सांगत, आमचंच विकत आणून राहिलो बाई. अंजनगावच्या अलीकडे एका बाईने मात्र आम्हाला ओसरीवर बसवलं, हुरडा भाजून दिला आणि पडशी पिठाने भरली. तिच्या शेतात ज्वारी उभी होती. ती म्हणाली, "माह्या लेकानं ऐकलंच नाई कोनाचं. म्हने, कापूस खाता येत नाई. सारं गाव हासते त्याले." तिचा लेक सतरा-अठरा वर्षांचा होता. दारात उभा राहून हसणाऱ्या गावाचा राग आमच्यावर काढल्यासारखा बघत होता. मी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही.

काशी वाटेत लग्नाचं काही बोलत नसे. एकदाच, पूर्णेच्या पात्रात आम्ही पाय बुडवून बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "माय, त्याले दात हायेत का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मंग त्याले भाकर कुस्करून द्या लागंन का मले?" मी तिथल्या तिथे वर आभाळाकडे बघून रुक्मिणीला म्हटलं, ऐक, हे तू ऐक. मला त्या दिवशी देवीबद्दल भक्ती वगैरे काही वाटत नव्हतं. नुसता संताप होता, आणि तो पायांना बळ देत होता.

अकराव्या दिवशी अमरावती आली. रुक्मिणी जिथून निघून गेली ते अंबेचं देऊळ अमरावतीलाच, असं आम्ही सगळे मानतो. म्हणून आधी अंबेचं दर्शन घ्यायचं ठरवलं. देवळाकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची इतकी दाटी की माणूस आडवं होऊन जावं. त्या गर्दीत वाती चुरगळल्या असत्या म्हणून मी गाठोडं बाहेर ठेवायचं ठरवलं. ठेवायचं कशावर? झाड नाही, खुंटी नाही, आणि भुईला तर टेकवायचं नाही. एका कापसाच्या गाडीचे बैल सोडलेले होते. तिच्या बाजूच्या खुंटाला मी गाठोडं अडकवलं, तुकाजीला बजावलं आणि काशीला घेऊन आत गेले. माझी अक्कल तेवढी. साऱ्या अमरावतीत मला कापूस टांगायला कापसाचीच गाडी सापडली.

परत आलो तर गाडी रिकामी. तुकाजी कोणाकडे चिमूटभर तंबाखू मागायला गेला होता. हमालांनी गाडी खाली करताना गाठोडं सोडलं, कापूस म्हणून बोऱ्यात ओतलं आणि पायांनी तुडवून बोरा शिवून टाकला. तसे शे-दीडशे बोरे एकावर एक रचलेले होते. नऊ वर्षांच्या वाती त्यांतल्या कुठल्यातरी एकात होत्या. माझं जुनं धोतर तेवढं गाडीच्या चाकाला लोंबत होतं. व्यापाऱ्याचा मुनीम आला. आधी त्याला खरंच वाटेना. तेवढ्यात भिंतीच्या सावलीत बसलेला एक पिंजारी उठून आला, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली. तो म्हणाला, "खोटं नाई बोलत ती. म्या पाह्यल्या. जुड्या होत्या, वातीच्या. म्या म्हनलं बी हमालाले, तं तो म्हने, कापूसच हाय नं?" मुनीम मला पैसे देऊ लागला. मी हात मागे घेतला. मग तो म्हणाला, "बाई, शेवटी कापूसच होता. कापसाच्या बदली कापूस घेऊन जाय." आणि त्याने सरकी काढलेली पण पाल्याकचऱ्याने भरलेली रुई माझ्या धोतरात घालायला सांगितली, जेवढं मोठं माझं गाठोडं होतं तेवढी.

तेव्हा मी देवळाकडे तोंड केलं आणि ज्या शिव्या दिल्या त्या दिल्या. मी रुक्मिणीला म्हटलं, तुला पळून जाता आलं म्हणून तुला दुसऱ्याच्या लेकीचं काही वाटत नाही. तुला माझ्या वातीसुद्धा नकोत. काशी माझा हात ओढत होती आणि लोक जमले होते. तुकाजी खाली मान घालून बोटं मोडत होता. मला वाटलं, लाजेने मोडतोय. पण तो हिशेब करत होता. त्याने वर बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द तपासत म्हणाला, "वैनीबाई, दिवसाले हजार वाती वळल्या तं लाखाले किती दिवस लागतीन?" काशी म्हणाली, "शंभर." तो म्हणाला, "अन् माघ तं वीस दिवसावर आला. म्हंजे नवस नाई फिटत." मग शेवटचं बोट मिटून, "अन् नवस नाई फिटला, तं मालकाच्या शब्दानं पोरीले हळद नाई लागत."

माझं सगळं ओझं गेलं ते मी मार समजून बसले होते, आणि ज्याला मी पहारेकरी समजत होते त्याने मला ते उलटं करून दाखवलं. काशी देवळाकडे बघत म्हणाली, "माय, रुखमाई बी अठूनच गेली नं?" मघाशी दिलेल्या शिव्या परत घेता येत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मी माफीही मागितली नाही. म्हटलं, एवढं करायचं होतं तर आधी सांगून करायचं होतं.

त्या पिंजाऱ्याचं नाव रहमान. माझ्या धोतरातली रुई बघून तो म्हणाला, "ह्याच्या वाती नाई होत. कचरा हाय." आणि कोणी न सांगता तो भिंतीच्या सावलीत बसला, धनुकलीची तार कापसात धरली आणि पिंजू लागला. दुपारभर तो पिंजत होता. मधूनच खोकायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा तार छेडायचा. संध्याकाळच्या आधी त्याने माझ्यासमोर असा कापूस ठेवला की हात लावायला भीती वाटावी. माझ्याकडे द्यायला पिठाशिवाय काही नव्हतं. तो म्हणाला, "माही घरवाली गेली औंदा. अमिना. पयली वात तिच्या नावानं लावजो." मी विचारलं, "तुमच्यात चालते का?" तो चिडला. "म्या कोनाले इचारलं का चालते का म्हनून? तू लाव." पुढे कीर्तनकारांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा ते म्हणाले की पिंजारी म्हणजे साक्षात पांडुरंग. मला त्याचा राग येतो. तो रहमान होता, त्याला खोकला होता, आणि त्याची बायको वारली होती.

चौथ्या दिवशी आम्ही कौंडण्यपूरला पोचलो. वर्धेच्या काठावर देवळाच्या ओवरीत आम्ही दोघी राहिलो आणि तुकाजी, वाती पुन्हा वळाव्या लागणार, हा दिरासाठीचा निरोप घेऊन परत गेला. आता चालायचं नव्हतं, पण दिनक्रम आम्ही तोच ठेवला. पहाटे उठायचं, नदीवर जायचं, देवळाचं अंगण झाडायचं. सकाळभर जवळच्या शेतात कापूस वेचायचा, त्याची मजुरी म्हणून ज्वारी घ्यायची. दुपारी पायांना एरंडेल लावून मी ओवरीत बसायची आणि मांडीवर वाती वळायची. काशी मोजायची. नवस माझा, म्हणून तिने वळायची नाही. नऊ वर्षं मी वाती वळल्या त्या सवयीने, चुलीकडे एक डोळा ठेवून. इथे पहिल्यांदा प्रत्येक वात हातात घेऊन बघितली. नाम घ्यायची पद्धत असते. मी नाम घेत नव्हते. मी दर वातीला एकच म्हणत होते, माझी पोरगी. माझी पोरगी. फाल्गुनात कधीतरी माझ्या लक्षात आलं की तेच नाम झालं होतं.

त्याच महिन्यात आमच्याकडचा एक गाडीवान भेटला. त्याने सांगितलं, दलाल थांबला नाही, दर्यापूरकडची मुलगी करून मोकळा झाला. मी पहिल्यांदा हसले, मोठ्याने हसले. मग विचारलं, केवढी आहे? तो म्हणाला, काशीएवढी असेल. त्या दिवशी माझ्याकडून वाती नीट वळल्या गेल्या नाहीत. ती मुलगी कोणाची तरी होतीच. तिची आई कोणाला काय बोलली असेल, कोण जाणे. अजून मला तिची आठवण येते. गाडीवान जाता जाता हेही बोलला की दिराने दलालाच्या चुलतभावाशी बोलणं लावलं आहे, तो चाळिशीचाच आहे, तू ये लवकर.

चैत्रात एका दुपारी काशीने मोजलं, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. माझ्या हातात शेवटच्या वातीचा पेळू होता, पिंजलेल्या कापसाची सुरळी. मी तो मांडीवर ठेवला आणि माझी बोटं हलेनात. तिने माझा हात धरला की मीच थांबवला, हे मला आजही सांगता येत नाही आणि कोणी विचारलं तर मी भांडत नाही. पुजारी परात घेऊन आला होता, वाती तेलात भिजवायला. त्याने विचारलं, "झाल्या का लाख?" मी म्हटलं, "एक कमी." तो म्हणाला, "मंग वळ नं." मी म्हटलं, "नाही." तो मूर्तीकडे बघायला लागला, जणू तिनेच आता काही सांगावं. मीही तिच्याकडेच बघितलं आणि त्याच्यासमोर मोठ्याने म्हटलं, "तू भावाले पूजेचं निमित्त सांगतलं, मी दिराले वातीचं सांगतो. राग आला तं सांग. पोरगी जेव्हा स्वतःच्या तोंडानं हो म्हनंन, तेव्हा ही वात आनीन. तोवर पोरगी तुही. मले एकटीले नाई होत आता." शेवटचं वाक्य बोलायचं माझ्या मनात नव्हतं. ते आपोआप आलं, आणि ते आल्यावर मी लहान मुलीसारखी रडले. मग आम्ही वाती पेटवल्या. पहिली अमिनाच्या नावाची. मूर्तीचं तोंड उजेडात हसलं असं मी म्हणणार नाही. मला धुराने काही दिसत नव्हतं.

घरी गेलो तेव्हा दीर दारातच उभा होता. तो म्हणाला, "फिटला का नवस?" मी म्हटलं, "एक वात राह्यली." "येक? वळ मंग, आता वळ, माह्यासमोर!" मी म्हटलं, "इथी चालत नाई. बाकीच्या रुखमाईसमोर वळल्या, ही बी तिथीच वळा लागते." तो म्हणाला, "मंग जा वापस!" मी म्हटलं, "पाय दुखून राहिले भाऊजी." तो लाल झाला. तेव्हा गोठ्यातून तुकाजी म्हणाला, "मालक, शब्द तुमचाच हाय. पारावर देल्ला होता." दिराने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पागोटं झटकून आत गेला. तो शब्दाचा पक्का होता, एवढं मी त्याला देते. माझे पाय पुढे चार वर्षं दुखत राहिले. गावाला सगळं कळत होतं. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, पाय कसे आहेत गं, आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मधल्या काळात ती लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, दलाल दिसेनासे झाले. दिराने अर्ध्या शेतात पुन्हा ज्वारी पेरली. त्या ज्वारीची पहिली भाकर त्याने माझ्याकडे न बघता खाल्ली आणि म्हणाला, "आनखी येक आन."

चौथ्या वर्षी अंजनगावकडची ती पीठ देणारी बाई आमच्या दारात आली. तिच्यामागे तिचा लेक होता, तोच, कापूस खाता येत नाही म्हणणारा. आता गाव त्याला हसत नव्हतं. तिने काशीला मागणी घातली. दीर माझ्याकडे बघू लागला, मी काशीकडे. ती दळत होती. तिने जातं थांबवलं नाही, त्या मुलाकडे एकदा नीट बघितलं, आणि म्हणाली, "माय, वात वळ."

मी पुन्हा चालत गेले. बरोबर काशी आणि म्हातारा तुकाजी. तेच रस्ते, तीच पायाला चिंधी, तेच लुगडं दोघींमध्ये धरून वाळवणं. पाठीवर काही नव्हतं. तो एक पेळू पदराच्या गाठीत होता, आणि झोपतानासुद्धा मी ती गाठ भुईला टेकू दिली नाही. अमरावतीला रहमानला शोधून काढलं. तो मला ओळखेना. म्हणाला, "कोन वं बाई? दिवसाकाठी धा गाद्या पिंजतो मी." मी सांगितलं, तुमच्या अमिनाची वात लावली. तेव्हा त्याने हातातली धनुकली खाली ठेवली आणि बराच वेळ ती उचलली नाही.

लोक मला विचारतात की देवीवर सोडणं म्हणजे काय. मी काही जाणती नाही. मी तिच्याशी भांडले, तिला शिव्या दिल्या, तिची एक वात चार वर्षं अडवून ठेवली, आणि तिने ते चालवून घेतलं. मान खाली घालून गप्प बसणाऱ्या पुष्कळ बायका मी पाहिल्या, त्याला मी शरण जाणं म्हणत नाही. माझ्या हातून होत होतं तेवढं मी केलं, आणि होत नव्हतं ते तिच्यासमोर ओरडून टाकलं. तिने ते उचललं. तिचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी मोठ्याने सांगते, जशा शिव्या मोठ्याने दिल्या होत्या.

ओवरीत त्याच जागी बसून मी पदराची गाठ सोडली. चार वर्षांत पेळू पिवळा पडला होता. वळली ती वात वाकडीच झाली. पुजारी तोच होता, पण त्याचे केस पिकले होते. त्याने वात तेलात बुडवली, पेटवली आणि विचारलं, "आता किती झाल्या बाई?" काशीच म्हणाली, "लाख."